बीपीच्या गोळीची एकवीस वर्षं

अण्णांचं नाक कायम चोंदलेलं असायचं, अगदी भर उन्हाळ्यातसुद्धा. रात्री तोंडाने श्वास घेत झोपायचे आणि पहाटे आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्यांच्या हातात द्यायची. सर्दी नाही, ताप नाही, नुसतं नाक बंद. त्याच काळात ते अबोलही झाले. संध्याकाळी पारावर जाणं सुटलं, जेवताना बोलणं सुटलं. 1989 साली एक दिवस त्यांनी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट देवळीत ठेवलं ते परत उचललं नाही. पंधरा-वीस दिवसांत नाक मोकळं झालं, चेहराही खुलला. "बघ, त्या गोळ्यांनीच मला आजारी पाडलं होतं," असं ते आईला म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं.

1991 साली, दिवाळीच्या आधी, शेतातून येऊन ते ओट्यावर बसले. आईने पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांच्या हातातून सुटला आणि ते तांब्याकडे नुसते बघत राहिले. उजवी बाजू गेली होती. वय होतं 56. पुढची सात वर्षं आई त्यांना घास भरवत होती.

हे आधी सांगितलं, कारण 2004 साली पोस्टात आरोग्य तपासणी शिबिर झालं आणि माझा वरचा आकडा 168, खालचा 104 निघाला, तेव्हा माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकदमच आल्या: बंद नाक आणि पडलेला तांब्या. मी 41 वर्षांची होते. मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. एकदा गोळी चालू झाली की सुटत नाही, आणि वर्षानुवर्षं घेतली की किडनी जाते, हे मी घरीदारी ऐकलेलं होतं. चार महिने मी गोळी घेतली नाही. लसूण खाल्ला, दुधी भोपळ्याचा रस प्यायले, लोणचं बंद केलं. आकडा 160 च्या खाली काही आला नाही.

आमच्या फलटणातल्या डॉक्टरांकडे गेले ते भांडायच्याच तयारीने. अण्णांची जुनी चिठ्ठी आईने जपून ठेवली होती, ती सोबत नेली. डॉक्टरांनी ती वाचली. रिसर्पिन, डायहायड्रॅलाझिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, तिन्ही एकाच गोळीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वडिलांचं नाक चोंदायचं का हो?" मी त्यांना नाकाबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला.

रिसर्पिन हे सर्पगंधेतून काढलेलं औषध. सर्पगंधा आपल्याकडे वैद्यांना पूर्वापार माहीत होती, पण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन केलेला अभ्यास 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. 1952 साली तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. 1957 साली डॉ. वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. नाक चोंदणं हा या औषधाचा ठरलेला त्रास, आणि मन उदास होणं हाही त्याच्या नावावर लिहिलेला. अण्णांचं अबोल होणं गोळीमुळेच होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण ते खोटं बोलत नव्हते, उगाच कुरकूर करत नव्हते, एवढं मला त्या दिवशी कळलं आणि मी दवाखान्यात बसून रडले.

मग डॉक्टरांनी दुसरी बाजू सांगितली. 1967 साली अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांमध्ये एक प्रयोग झाला. खालचा आकडा 115 ते 129 असलेले 143 पुरुष. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषध म्हणजे जवळजवळ अण्णांचंच त्रिकूट: रिसर्पिन, हायड्रॅलाझिन, हायड्रोक्लोरोथायझाइड. दीड-दोन वर्षांतच खोट्या गोळीवाल्यांमध्ये लकवा, हृदय कमजोर पडत जाणं, किडनी बिघडणं अशा 27 गंभीर घटना झाल्या. खऱ्या गोळीवाल्यांमध्ये दोन. "तुमच्या वडिलांना त्रास झाला तो खरा," डॉक्टर म्हणाले, "पण त्यावर उपाय गोळी बदलणं हा होता. आणि तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नसेल, की काका, काय त्रास होतोय?"

मला विचारणारा माणूस भेटला, हे माझं नशीब. त्यांनी मला एक वही घालायला सांगितली. पोस्टात काम, त्यामुळे लांबट हिशेबाची वही घरात होतीच. तारीख, आकडा, गोळी, आणि शेवटचा रकाना "काय वाटतंय". एकवीस वर्षांत अशा तीन वह्या झाल्या.

पहिली गोळी एनालाप्रिल. पंधरा दिवसांत आकडा उतरला, पण कोरडी ढास लागली. काउंटरवर पार्सल तोलताना, पैसे मोजताना, मध्येच अशी ढास लागायची की समोरचं गिऱ्हाईक पाण्याची बाटली पुढे करायचं. कफाचा थेंब नाही. घरच्यांनी अडुळशाचा काढा सुरू केला. मी वहीत लिहिलं आणि दाखवलं. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या गोळ्यांनी दहातल्या एखाद्याला असा खोकला होतो, गोळी बंद केली की जातो, आत काही बिघडत नाही. अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम सुरू केली. तीन आठवड्यांत खोकला गेला.

अम्लोडिपिनने मला चांगली साथ दिली. सहा वर्षांनी आकडा परत चढायला लागला तेव्हा ती 10 ची केली, आणि पाय सुजले. सकाळी पाय नेहमीसारखे. संध्याकाळी पोस्टातून आले की चपलेच्या पट्ट्यांचे वळ पावलावर उमटलेले. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि पन्नास अंक मोजले तरी भरून यायचा नाही. माझी जाऊ बघून घाबरली. "ताई, पायावर सूज म्हणजे किडनी. मी तुम्हाला सांगत होते." मीही घाबरले. लघवी तपासली, रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं (किडनी नीट गाळत नसली की हा आकडा चढतो), दोन्ही उत्तम. ही सूज किडनीची नसते. गोळीने बारीक रोहिण्या सैल होतात, पण त्या मानाने शिरा सैल होत नाहीत. मग रक्तातलं पाणी पायात झिरपतं आणि दिवसभर उभं राहणाऱ्याच्या घोट्याला साठतं. लघवीची गोळी देऊनही ती फारशी उतरत नाही. अशा सुजेवर लघवीच्या गोळ्या घेत बसलेली माणसं मी नंतर पाहिली, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

डॉक्टरांनी अम्लोडिपिन परत 5 वर आणली आणि टेल्मिसार्टन 40 जोडली. ही गोळी शिराही सैल करते, त्यामुळे सूज महिन्याभरात उतरली. पण ती सुरू करण्याआधी त्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला लावलं, आणि तीन आठवड्यांनी परत. "या गोळीने क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं. तीस टक्क्यांपर्यंत गेलं तर मी घाबरणार नाही, तुम्हीही घाबरू नका. त्यापुढे गेलं किंवा पोटॅशियम वाढलं, तर गोळी थांबवून कारण शोधायचं." माझं 0.8 चं 0.9 झालं, पोटॅशियम 4.4 चं 4.7. वहीत त्या दोन आकड्यांभोवती मी तांबड्या पेनने चौकट केली आहे. बीपीची गोळी चालू असताना रक्त का तपासायचं, हे मला त्या चौकटीने शिकवलं. कित्येक लोक तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं मेडिकलमधून पाकीट आणतात आणि एकदाही क्रिएटिनिन बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

या गोळ्या लांब पल्ल्याला कशा, हा प्रश्न मी दर वर्षी विचारायचे. डॉक्टरांनी कधी टाळलं नाही. टेल्मिसार्टनबद्दल ते एका मोठ्या अभ्यासाचं सांगायचे. 2008 साली छापून आलेला, 25 हजारांहून जास्त माणसं, साडेचार वर्षांच्या आसपास पाठपुरावा. हृदय आणि मेंदू सांभाळण्यात ती रामिप्रिल या एनालाप्रिलच्याच जातीच्या गोळीच्या बरोबरीची ठरली, खोकला कमी. पण ज्यांना दोन्ही गोळ्या एकत्र दिल्या, त्यांना जास्तीचा फायदा झाला नाही आणि किडनीचा त्रास मात्र वाढला. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, म्हणून त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला.

2013 साली तिसरी गोळी जोडली, क्लोरथॅलिडोन 12.5, लघवीवाटे मीठ काढणारी. हिच्याने सोडियम, पोटॅशियम उतरू शकतं, यूरिक ॲसिड आणि साखर थोडी चढू शकते, म्हणून पहिल्या वर्षी तीनदा रक्त दिलं. काही झालं नाही. तीन वर्षं सुरळीत गेली.

आणि मग 2016 चा चिकुनगुनिया.

गणपती नुकतेच उठले होते. दोन दिवस ताप, आणि नंतर सांधे असे धरले की हातात शिक्का धरवेना. पलंगावरून उठताना भिंतीचा आधार लागायचा. आमचे डॉक्टर त्या आठवड्यात गावाला गेलेले. मुलगा मेडिकलमध्ये गेला, "आईचे सांधे फार दुखतायत" म्हणाला, आणि डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेऊन आला, सकाळ-संध्याकाळ एक. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत हे ना त्याने सांगितलं, ना तिकडून कुणी विचारलं. मला गोळीने आराम पडला, म्हणून मी नऊ दिवस घेतली. बीपीच्या गोळ्याही एक दिवस न चुकवता घेत होते. सातव्या दिवशी जुलाब सुरू झाले. भूक नव्हती, पाणीही नकोसं वाटायचं. नवव्या दिवशी लक्षात आलं, की सकाळपासून लघवीला गेलेच नाही.

साताऱ्याला नेलं. क्रिएटिनिन 2.6. पोटॅशियम 5.9. हृदयाची पट्टी काढली, सलाईन लावलं, आणि तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "दुखण्याची गोळी कोणती घेतली?" पोटॅशियम उतरवायचं औषध दिलं, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, डायक्लोफिनॅक तिन्ही तिथल्या तिथे बंद. तिसऱ्या दिवशी लघवी नीट सुरू झाली, तेव्हा त्यांनी माझ्या उशाशी बसून कागदावर काढून दाखवलं. किडनीच्या गाळणीत रक्त येण्याची नळी एक, बाहेर जाण्याची एक. दुखण्याची गोळी येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करते. लघवीची गोळी आणि जुलाब मिळून अंगातलं पाणीच कमी करतात. मग गाळणीत दाब राहतच नाही, गाळणार काय? यातली एकेक गोष्ट किडनी सोसते. सगळ्या एकदम आल्या की ती बसते. वेळेत थांबवलं तर बहुतेक वेळा उठतेही.

माझी उठली. अकराव्या दिवशी 1.4, सहा आठवड्यांनी 0.9.

पण त्या सहा आठवड्यांत घरात जे झालं ते जास्त अवघड होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा: "शेवटी गेलंच ना किडनीवर." मावशी म्हणाल्या, "बारा वर्षं गोळ्या खाल्ल्यास, आता तरी सोड." आणि मी सोडायच्या विचारात होते, हे मी इथे कबूल करते. किडनीची भीती मी आता ऐकीव म्हणून बाळगत नव्हते, माझ्या रिपोर्टवर तिचा आकडा होता. अम्लोडिपिन एकटी चालू होती, ती मी दोन-तीन दिवस घेतलीच नाही.

शेजारच्या मुलीने आकडा बघितला तेव्हा 172 वर 100 होता. त्या रात्री मी झोपले नाही. अण्णांना गोळीने त्रास झाला, त्यांनी गोळी सोडली, त्यांना बरं वाटलं, आणि मग तांब्या पडला. मीही त्याच वाटेवर तिसऱ्या टप्प्याला उभी होते. फरक एवढाच, की माझ्याकडे वही होती. दिवा लावून मी ती पहिल्यापासून वाचली. बारा वर्षांची क्रिएटिनिनं एकाखाली एक: 0.8, 0.8, 0.9, 0.8, 0.9, 0.9. त्या सगळ्या वर्षांत गोळ्या चालूच होत्या. मधले नऊ दिवस, आणि त्या नऊ दिवसांत घरात आलेली एकच नवी गोळी.

सकाळी डॉक्टरांकडे गेले. टेल्मिसार्टन आधी 20, मग 40, दोन्ही वेळा दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासून. क्लोरथॅलिडोन परत दिली नाही, त्याऐवजी मी वजन आणि मिठावर मेहनत घ्यावी असं ठरलं. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: जुलाब-उलट्या झाल्या, खाणं-पिणं तुटलं, तर टेल्मिसार्टन थांबवून फोन करणे. खाणं-पिणं नीट झालं की परत सुरू. दुखण्याची गोळी न विचारता नाही. तापाला-दुखण्याला पॅरासिटामॉल. मेडिकलमध्ये गेलं की आधी "मला बीपीच्या अमुक गोळ्या चालू आहेत" हे वाक्य म्हणायचं, हेही त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मुलाकडूनही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. जुलै 2018 मध्ये बीपीच्या गोळीत कॅन्सर करणारा पदार्थ सापडल्याची बातमी आली आणि आमच्या बायकांच्या गटात घबराट झाली. तो पदार्थ एनडीएमए, सापडला होता वल्सार्टनच्या काही उत्पादनांत, नंतर त्याच जातीचे पदार्थ लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्याही काही मालात सापडले. माझी गोळी टेल्मिसार्टन. पण ज्यांची वल्सार्टन होती त्यांनाही अमेरिकेच्या औषध खात्याने सांगितलं होतं, की बदली गोळी हातात येईपर्यंत आहे ती सोडू नका. त्यांचा अंदाज असा: तो माल सगळ्यात मोठ्या मात्रेत 8,000 माणसांनी चार वर्षं रोज घेतला, तर त्यांच्यात कॅन्सरचा एखादा जास्तीचा रुग्ण होऊ शकेल. अशुद्ध माल परत मागवायलाच हवा होता, त्यात दुमत नाही. पण आमच्या गटातल्या एकीने भीतीने गोळी सोडली होती. मी तिच्या घरी जाऊन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

2022 साली मुलाने पुण्याहून कमी सोडियमचं मीठ आणलं, प्रेमाने. दोन महिन्यांनी पोटॅशियम 5.4. पुडीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा कळलं, सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवते. इतरांना ते मीठ चांगलं असेल, माझ्या गोळीशी त्याचं जमत नाही. पुडी परत गेली, महिन्याभरात 4.6.

2023 साली निवृत्त झाले. रोज सकाळी चालायला लागले, नऊ किलो वजन उतरलं. मग देवघरातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. डॉक्टरांनी बसून आकडा घेतला 112, उभं करून घेतला 94. अम्लोडिपिन अडीचची केली. "आयुष्यभर" या शब्दाला मी इतकी वर्षं घाबरत होते, पण त्या एकवीस वर्षांत माझी मात्रा सहा-सात वेळा बदलली आहे, त्यातली दोनदा खाली. जाऊबाईंनाही आता बीपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांना अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन फुकट मिळतात. बीपीचा हा सरकारी कार्यक्रम ज्या जिल्ह्यांत सुरुवातीला राबवला, त्यांपैकी सातारा एक. किडनीबद्दल मला घाबरवणाऱ्या त्याच जाऊबाई आता वर्षातून एकदा माझ्यासोबत रक्त द्यायला येतात.

आमच्या घरी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबरची एक दिंडी उतरते. यंदा त्यात मराठवाड्यातल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या. संध्याकाळी सगळ्या बायका पाय चेपत बसल्या होत्या, आजी मात्र भिंतीला टेकून डोळे मिटून. पिठलं-भाकरी पुढे ठेवली, तर नको म्हणाल्या. लोणंदपासून पोट बिघडलंय, चार-पाच वेळा जावं लागतंय. मी विचारलं, "आजी, कसल्या गोळ्या चालू आहेत का?" त्यांनी कमरेची पिशवी सोडली. एका गाठीत बीपीची गोळी: टेल्मिसार्टन आणि लघवीची, एकत्र. दुसऱ्या गाठीत गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, पाकीट जवळजवळ रिकामं.

मला घाम फुटला. मी त्यांना रिक्षात घालून पालखी तळावरच्या वैद्यकीय मदत केंद्रात नेलं. आकडा 98. तिथल्या डॉक्टरांनी ओआरएस पाजलं, नंतर सलाईन लावलं, लघवी होईपर्यंत सोडलं नाही. बीपीची गोळी दोन दिवस बंद, खाणं नीट झालं की परत सुरू, आणि पुढच्या मुक्कामी परत तपासणी, असं कार्डावर लिहून दिलं. आजींना वाचता येत नव्हतं. बीपीच्या पाकिटाला मी पांढरा दोरा गुंडाळला आणि सांगितलं, हा दोरा परवा बरडच्या पुढे गेल्यावर, पोट ठीक असेल तर सोडायचा. गुडघ्यांना तीळतेलाची छोटी बाटली दिली. दुसरं पाकीट त्यांनी आपणहून माझ्या हातात ठेवलं.

पहाटे दिंडी निघाली तेव्हा आजींनी चहाबरोबर अर्धी भाकरी खाल्ली होती. दिंडीच्या चोपदारांचा नंबर मी घेतला होता. तिसऱ्या दिवशी फोन केला, तर पलीकडून टाळांच्या आवाजात आजीच बोलल्या, "दोरा सोडला गं बाई सकाळी. पोट बरं हाय."